विक्रमी पाऊस ही सबब नव्हे

रत्नागिरी जिल्ह्यात पूर आला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. अधिकारी म्हणतात, 'पाऊसच विक्रमी होता.' मोहल्ल्यात म्हणतात, 'अल्लाहची मर्जी.' पहिली सबब आहे. दुसरं आपला ईमान आहे, पण आपणही ते सबबीसारखंच वापरतो.

22 जुलै 2021, बकरी ईदचा दुसरा दिवस. वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी चिपळूणमध्ये घुसलं. वर महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिमी पाऊस झाला होता. पुण्यात अख्ख्या पावसाळ्यात सरासरी साधारण एवढाच पडतो. विक्रम होता, मान्य. पण चिपळूण 26 जुलै 2005 च्या पावसातही बुडालं होतं. मधल्या सोळा वर्षांत नदीतला गाळ कुणाची वाट पाहत होता? तो काढा म्हणून डिसेंबर 2021 मध्ये चिपळूणकरांना उपोषणाला बसावं लागलं.

'आम्हा कोकण्यांना पावसाची सवय आहे,' हेही आता पुरे. जिल्ह्यात वर्षाला सुमारे 3300 मिमी पाऊस पडतो. सवय या सरासरीची असते. घर बुडतं ते एका रात्रीच्या पावसाने. आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हरची क्षमता सरासरी गर्दी बघून ठरवत नाही, सर्वांत जास्त गर्दीचा दिवस धरून ठरवतो. तो बंद पडला तर 'आज गर्दी विक्रमी होती' हे उत्तर कुणी ऐकून घेत नाही. मग गटार, मोरी आणि पुलाच्या बाबतीत आपण ते का ऐकून घेतो?

हवा एक अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते. म्हणजे विक्रम मोडतच राहणार. 2025 मध्ये मान्सून 25 मे रोजीच कोकणात उतरला, नेहमीपेक्षा दहा-बारा दिवस आधी. मिरकरवाड्याच्या मच्छीमाराला आणि शेवटचा हापूस उतरवणाऱ्या बागायतदाराला त्या दिवसांची किंमत विचारा.

पूर आल्यावर आपण कमी पडत नाही. देगी चढतात, पोरं चिखल उपसतात, गल्फमधून पैसे येतात. पण उंट बांधण्याची हदीस आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. आधी बांधायचा, मग तवक्कुल. आपण उंट वाहून गेल्यावर चंदा गोळा करतो.

'आपलं कोण ऐकतं?' असं म्हणू नका. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 नुसार जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी तपासावा लागतो. माहितीचा अधिकारही 2005 चाच. अर्ज करताना कुणी मजहब विचारत नाही. यंदा किती गाळ काढला, आपला मोहल्ला पूररेषेच्या आत आहे का, भोंगा कोण वाजवणार, हे लेखी विचारा. प्रत्येक जमातीने एप्रिलच्या एका जुम्याला नमाजनंतर ही उत्तरं वाचून दाखवावीत. उत्तर आलं नसेल, तर तेही वाचून दाखवावं.

पाऊस किती पडेल ते अल्लाहच्या हाती. मोरी तुंबलेली ठेवायची की नाही, हा हिशेब आपल्याला द्यायचा आहे.