कुंभयुगाचा मुहूर्त काढला कोणी?

कुंभयुग सुरू झाले, अशी दवंडी सध्या मुंबईत कांजूरमार्गपासून मुलुंडपर्यंत सोसायट्यांच्या सभागृहांतून पिटली जात आहे. पिटणाऱ्याचे म्हणणे थोडक्यात असे: पृथ्वीचा अक्ष डुलतो, त्यामुळे वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र समान होतात तेव्हाचे सूर्याचे स्थान) राशीचक्रातून उलटा सरकतो, एका राशीत तो सुमारे 2160 वर्षे मुक्काम करतो, आणि तो ज्या राशीत असेल तिचा स्वभाव अवघ्या मानवजातीच्या अंगी उतरतो. वृषभयुगात बैलाची पूजा झाली, मेषयुगात मेंढ्याचे बळी गेले, मीनयुगात माशाची खूण मिरवणारा ख्रिस्ती धर्म आला. आता कुंभ, म्हणजे बंधुभाव, विज्ञान आणि संगणक. आमच्या ऋषींना हे ठाऊक होतेच, कुंभमेळा हा त्याचाच पुरावा, अशी पुस्तीही जोडली जाते. शेवटी नव्या युगाशी जुळवून घेण्यासाठी सशुल्क शिबिराची चिठ्ठी हातात पडते.

यातला पहिला अर्धा भाग खरा आहे, आणि चीड येते ती त्यामुळेच. संपात खरोखरच सरकतो. विषुववृत्तापाशी पृथ्वीची त्रिज्या ध्रुवापेक्षा सुमारे 21 किलोमीटरने जास्त आहे. त्या फुगवट्याला सूर्य आणि चंद्र ओढतात आणि कलत्या भोवऱ्यासारखा पृथ्वीचा अक्ष सावकाश फिरतो. न्यूटनने 1687 मध्ये हे कारण सांगितले. वर्षाला सुमारे 50.3 विकला, म्हणजे 72 वर्षांत जवळपास एक अंश. पूर्ण फेऱ्याला साधारण 25,800 वर्षे. हे सरकणे प्रथम ग्रीक खगोलज्ञ हिपार्कसच्या ध्यानात आले, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, आणि तेही चित्रा ताऱ्यामुळे. सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच्या नोंदींशी त्याने चित्रेचे स्थान ताडून पाहिले, तेव्हा दोन अंशांचा फरक निघाला. माणसाच्या बुद्धीने केलेल्या थोर शोधांपैकी हा एक. तो शिबिराच्या चिठ्ठीवर शोभेला लावावा, हे सहन होण्यासारखे नाही.

संपात मीनेतून कुंभेत शिरला, हे ठरवायला मीन कुठे संपते ते आधी ठरवावे लागते. आकाशात तशी रेघ कोणी ओढलेली नाही. आरंभबिंदू कुठे धरायचा, यावर सगळे अवलंबून आहे, आणि या बिंदूवरून महाराष्ट्रात दीडशे वर्षे वाद चालला आहे. दाते पंचांग चित्रापक्षाचे, म्हणजे चित्रा ताऱ्यावरून आरंभबिंदू धरणारे. त्याचे अयनांश, म्हणजे वसंतसंपात आणि हा आरंभबिंदू यांतले अंतर, आज 24 अंशांच्या थोडे पुढे आहेत. टिळक पंचांग रैवतपक्षाचे. रेवतीच्या योगताऱ्यापासून मोजल्यावर अयनांश 20 अंशांच्या आसपास येतात. फरक चार अंशांचा. म्हणून एकाच मजल्यावरच्या दोन घरांत एकाची मकरसंक्रांत 14-15 जानेवारीला, तर टिळक पंचांग मानणाऱ्याची 10 जानेवारीच्या सुमारास. कधीकधी अधिकमासही वेगळा पडतो आणि मग सण महिन्याच्या अंतराने होतात. आता हाच हिशेब युगाला लावून पाहावा. चित्रापक्षाने संपात आज मीनेच्या सहाव्या अंशात आहे. कुंभेची हद्द गाठायला 2440 च्या आसपासचे साल उजाडेल. रैवतपक्षाने अजून सुमारे 700 वर्षे आहेत. खगोलशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकात ठरवलेल्या तारकासमूहांच्या सीमा घेतल्या, तर 2600 च्या सुमारास. तीन हिशेब, तीन शतके, आणि एकाही हिशेबाने कुंभयुग आज सुरू झालेले नाही! मग हा मुहूर्त काढला कोणी, कोणत्या पंचांगावरून?

पाश्चात्त्य वळणाच्या सायन ज्योतिषाचा आधार घ्यावा, तर अडचण आणखी वाढते. सायन पद्धतीत वसंतसंपात हाच मेषारंभ. संपात जिथे जाईल तिथे मेष त्याच्यामागे जाते. त्यामुळे तो मेषेच्या शून्य अंशातून हलूच शकत नाही. आज नाही आणि दहा हजार वर्षांनीही नाही. इंग्रजी वर्तमानपत्रांतले राशिभविष्य याच सायन राशींवर चालते. सकाळी सायन राशीचे भविष्य सांगायचे आणि संध्याकाळी ताऱ्यांना बांधलेल्या निरयन राशीचे युग, हा दुटप्पीपणा आहे. या दोन पद्धतींतला फरक एका उदाहरणात दिसतो. फेब्रुवारी 1962 मधली अष्टग्रही बऱ्याच घरांत अजून सांगितली जाते. सूर्य, चंद्र आणि पाच ग्रह एकत्र आले, सोबत केतू. जगबुडीच्या भीतीने ठिकठिकाणी यज्ञ झाले. आपल्याकडे ती युती मकरेत धरली होती. तेच सात गोल त्याच दिवशी सायन गणिताने कुंभेत होते आणि तिकडे काहींनी त्यावरून कुंभयुगाची पहाट जाहीर केली. इकडे प्रलय, तिकडे पहाट. घडले यातले काहीच नाही.

ऋषींच्या साक्षीचेही तसेच. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात अयनचलन, म्हणजे संपाताचे सरकणे, आहे, पण तिथे संपात पूर्ण फेरा करत नाही. शून्याच्या दोन्ही बाजूंना 27 अंश झुलतो आणि परततो. 27 अंश मागे म्हणजे मीनेचा तिसरा अंश. सूर्यसिद्धान्ताच्या गणिताने वसंतसंपात कुंभेत कधीच पोचत नाही. 2299 च्या सुमारास तो उलट फिरतो. पूर्ण फेऱ्याचे मत ज्योतिषी मुंजालाचे, दहाव्या शतकातले, आणि भास्कराचार्यांनी त्याची दखल घेतली आहे. ते थोरच आहे. पण त्यात युगाचा स्वभाव वगैरे काही नाही. कलियुग 4,32,000 वर्षांचे, त्याचा 2160 शी संबंध कसला? कुंभमेळा गुरूच्या राशीवरून ठरतो, संपातावरून नव्हे. नाशिकचा तर सिंहस्थच. आणि वृषभयुग संपून चार हजार वर्षे लोटली, तरी महाराष्ट्रात पोळा दरसाल होतो.

वाद सुरू झाला की हटकून ऐकू येते, “श्रद्धेचा विषय आहे, गणित कशाला काढता?” सायन-निरयनाच्या जुन्या भांडणातही हेच ऐकवले गेले. पण तेव्हाचे दोन्ही पक्ष निदान वेध आणि गणित घेऊन बसत, चूक दाखवली तर उत्तर देत. संपाताचे नाव घ्यायचे आणि गणित मागताच श्रद्धेच्या आड जायचे, ही सोय त्यांनी घेतली नव्हती.

संपातचलनाचा खरा उपयोग मराठी माणसांनी करून दाखवला आहे. मुरुडच्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी शतपथ ब्राह्मणातले एक विधान घेतले: कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत. तसे कधी होते याचे गणित करून त्यांनी इसवी सनापूर्वी 3000 च्या आसपासचा काळ काढला. टिळकांनी 1893 च्या ‘ओरायन’मध्ये मृगातल्या संपातावरून वेदकाल आणखी मागे नेला. निष्कर्ष सगळ्यांना पटले नाहीत, पण ते तपासता येतात. कुंभयुग तपासायला जावे तर हद्दच सापडत नाही.

आणि संपातचलन समजायला सभागृह लागत नाही. कांजूरमार्ग 19 अंश 8 कला अक्षांशावर आहे. इमारतीच्या गच्चीवर एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करावी आणि मध्यान्हीची सावली मोजावी. मुंबईत मध्यान्ह घड्याळी बाराला होत नाही. 21 डिसेंबरला इथे ती 12 वाजून 36 मिनिटांच्या सुमारास होते. तेव्हा सावली सुमारे 92 सेंटिमीटर भरते, वर्षातली सर्वांत लांब. संक्रांतीला, पावणेएकच्या सुमारास, ती 85 वर आलेली असते. म्हणजे उत्तरायण लागून तीन आठवडे उलटून गेलेले असतात. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकत्र पडत. त्यांच्यातले आजचे अंतर म्हणजेच अयनांश. हे आकडे मुलांनी स्वतः वहीत लिहावेत आणि घरातल्या पंचांगात छापलेल्या अयनांशांशी ताडून पाहावेत. 21 मार्चला सावली सुमारे 35 सेंटिमीटर भरते, आणि त्या दिवशी सावलीच्या टोकाशी दर अर्ध्या तासाने खडूची खूण केली, तर सगळ्या खुणा पूर्व-पश्चिम सरळ रेषेत येतात.