संकेतस्थळाचे अधिष्ठान : वैद्यांनी काय पारखावे?

वैद्यकीय व्यवसायात संकेतस्थळ ही आता हौसेची बाब उरलेली नाही. चिकित्सालयाचा पत्ता, भेटीच्या वेळा, पंचकर्माची सोय या गोष्टी रुग्ण दूरध्वनी करण्यापूर्वीच मोबाईलवर पाहून घेतो. तथापि आपले संकेतस्थळ कोठे ठेवलेले आहे आणि त्याचे नाव कोणाच्या मालकीचे आहे, असे विचारल्यास आपल्यापैकी अनेकांचे उत्तर 'ते डिझायनरला ठाऊक' असेच असते. ही उदासीनता योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. द्रव्याची परीक्षा न करता ते योजणाऱ्या वैद्यास आपण निर्दोष मानीत नाही. तोच न्याय येथेही लागू व्हावा.

प्रथम तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. डोमेन नाव ही दारावरची पाटी, होस्टिंग ही भाड्याची जागा आणि मजकूर हे आतील सामान. तिन्ही एकाच व्यक्तीकडून घेतल्यामुळे त्या एकच भासतात. वस्तुतः जागा बदलता येते, सामान पुन्हा मांडता येते. पाटी मात्र दुसऱ्याच्या नावावर असेल तर सारेच अडते. सन २००५ पासून .इन हे डोमेन सर्वसामान्यांस खुले झालेले आहे. आपल्या नावाची नोंदणी स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ई-मेलवर करणे कठीण नाही.

आता शेअर्ड होस्टिंगविषयी. या पद्धतीत एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे नांदतात. प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि बहुधा आयपी पत्ताही सामाईक असतो. खर्च विभागला जातो, म्हणून ती स्वस्त पडते. चाळीतील पाण्याच्या टाकीसारखाच हा प्रकार आहे. एका बिऱ्हाडाने नळ उघडा ठेवला की इतरांच्या घरी धार बारीक होते. शेजारच्या संकेतस्थळावर एकाएकी गर्दी झाल्यास आपले पान उघडण्यास विलंब लागतो. शेजाऱ्याने फसवे ई-मेल पाठविल्यास त्याच पत्त्यावरून जाणारे आपले पत्रही रुग्णाच्या स्पॅममध्ये जाऊन पडते. आपल्या परिभाषेत बोलायचे तर हा आगंतु हेतू होय. चांगला पुरवठादार प्रत्येक खात्याचा वाटा मर्यादित करून खाती परस्परांपासून अलग ठेवतो.

म्हणून शेअर्ड होस्टिंग त्याज्य ठरते काय? मुळीच नाही. केवळ माहिती देणाऱ्या चिकित्सालयाच्या संकेतस्थळास ते पुरेसे आहे. स्वतंत्र सर्व्हर घेतल्यास त्याची सुरक्षा व अद्ययावतता यांचा भार बहुधा आपल्यावरच येतो आणि तो वाहणारा माणूस नसेल तर अपायच अधिक. अग्निबल पाहून मात्रा ठरवावी, हेच खरे. मात्र रुग्णांचे तपासणी अहवाल, केसपेपर व छायाचित्रे अशा स्वस्त सामाईक जागेत ठेवू नयेत. २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची दिशा स्पष्ट आहे : माहितीवरील प्रक्रिया दुसऱ्याकडून करवून घेतली, तरी उत्तरदायित्व ती करवून घेणाऱ्याचेच राहते.

पुरवठादाराच्या परीक्षेस आपले आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान हे त्रिविध साधन पुरेसे आहे. आप्तोपदेश म्हणजे जाहिरात नव्हे. ज्यांनी किमान दोन वर्षे ती सेवा वापरली व एकदा तरी नूतनीकरण केले, अशा सहकाऱ्यांस विचारावे. प्रत्यक्षासाठी पैसे भरण्यापूर्वी रात्री किंवा रविवारी साहाय्य विभागास एखादा प्रश्न विचारून पाहावा. उत्तर किती वेळात आणि किती नेमके येते, यावरून संकटकाळी काय घडेल ते कळते. सर्व्हर मुंबईत किंवा भारतात अन्यत्र आहे काय, हेही विचारावे. अंतर कमी असल्यास येथील रुग्णांस पान साधारणतः लवकर उघडते.

अनुमानासाठी अटी वाचाव्यात. ९९.९ टक्के उपलब्धतेचे वचन म्हणजे वर्षाकाठी सुमारे पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा. ९९ टक्के म्हटले तर तीच मुभा साडेतीन दिवसांहून अधिक होते. 'अमर्याद' जागेच्या जाहिरातीखाली फाइलींच्या संख्येची किंवा प्रोसेसरच्या वापराची मर्यादा बारीक अक्षरांत दडलेली असते. पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर पाहून निर्णय न घेता नूतनीकरणाचा दर पाहावा. सुरक्षा प्रमाणपत्रासाठी निराळे पैसे मागितल्यास कारण विचारावे, कारण ते आता विनामूल्यही मिळते. सोडून जाताना संपूर्ण प्रत व डोमेन हस्तांतराचा संकेतांक विनासायास मिळेल काय, हा प्रश्न प्रवेशापूर्वीच करावा.

सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे राखीव प्रत. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक संपूर्ण इमारत भस्मसात झाली व लक्षावधी संकेतस्थळे बंद पडली. काही ग्राहकांच्या राखीव प्रतीही त्याच परिसरात असल्याने त्या मूळ प्रतीसोबतच नष्ट झाल्या. तेव्हा पुरवठादार कितीही नामांकित असो, महिन्यातून एकदा संपूर्ण प्रत स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यावी आणि ती उघडते याची खात्री करावी. अनागत बाधेचा प्रतिषेध तो हाच.

यात संघटनेनेही पुढाकार घ्यावा, असे सुचवावेसे वाटते. प्रत्येक जिल्हा शाखेने एका बैठकीतील तासभर वेळ यासाठी द्यावा. सभासदांनी आपापल्या डोमेनची नोंदणी कोणाच्या नावे आहे, मुदत कधी संपते आणि प्रत कोठे आहे, एवढे तीन प्रश्न तेथेच तपासावेत. अनुभवास उतरलेल्या पुरवठादारांची यादीही त्यातून सिद्ध होईल. मात्र ती यादी करणाऱ्याने कोणाकडूनही दलाली घेऊ नये. आपल्या नावावर विश्वास ठेवून रुग्ण दाराशी येतो. ते नाव आपल्याच हाती असावे, एवढीच अपेक्षा.