पांढरीची माती ट्रॉलीत भरण्याआधी



उन्हाळी नांगरट सुरू झाली की आमच्या घोडकाठाला दुसरं एक काम जोरात चालतं. जेसीबी आणि दोन ट्रॉल्या घेऊन लोक पांढरीवर जातात. जुनं टेकाड खणायचं, राखाडी भुसभुशीत माती भरायची आणि उसाच्या नाहीतर कांद्याच्या रानात नेऊन पसरायची. फुकटचं खत. परवा एकानं मला विचारलं, "दादा, तुमच्या बांधाला लागून टेकाड आहे, चार ट्रॉल्या उचलू का?" मी नाही म्हणलं. त्याला राग आला. कशासाठी नाही म्हणलं ते आज लिहितो, कारण हा राग बऱ्याच जणांना येणार आहे.

पांढरीच्या मातीत ताकद का असते? कारण तिथं माणसं राहिली. चुलीची राख, गुरांचं शेण, हाडं, कुडाच्या भिंतींची माती, सगळं शेकडो वर्षं एकावर एक साचलं. आपल्यात काळी म्हणजे रान आणि पांढरी म्हणजे वस्ती, हे जुन्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणजे आपण खत उचलत नाही, कुणाचं तरी गाव उचलतो.

आणि ते गाव कुणाचं? शेतकऱ्याचंच.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथल्या टेकाडांवर 1968 पासून पुढं बारा हंगाम पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं खोदकाम केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. खाली सापडलं ते इसवी सनापूर्वी साधारण 1600 ते 700 या काळातलं शेतकऱ्यांचं गाव. महाराष्ट्राच्या पठारावर नांगरटीचा पाया घालणाऱ्या पहिल्या पिढ्यांतलं. त्या गावाचं खरं नाव कुणाला ठाऊक नाही. इनामगाव हे आताच्या गावाचं नाव.

नऊशे वर्षं हे गाव टिकलं. शिवराज्याभिषेकाला आत्ता साडेतीनशे वर्षं झाली, त्यावरून अंदाज घ्या.

शंभरावर घरं उघडी केली तिथं. चौकोनी घरं, कुडाच्या भिंती, घरांच्या रांगा आणि मधून वाट. दाणे साठवायला जमिनीत पेवं, वर कणग्या ठेवायला मातीचे गोल ओटे. सातू हे मुख्य पीक. जोडीला गहू, मसूर, वाटाणा, हुलगा, वाल. मिरची नव्हती, मका नव्हता, शेंगदाणा नव्हता; ती पिकं अमेरिका खंडातून फार उशिरा आली. पाच खोल्यांचं एक मोठं घर निघालं आणि त्याच्या शेजारी धान्याचं कोठार. आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे पाट. नदीच्या पुराचं पाणी वळवायला त्यांनी दगडमातीचा बांध घातला आणि लागून पाट खणला. तीन हजार वर्षांपूर्वी, ना सिमेंट, ना पोकलेन.

आता मला सांगा, शाळेच्या पुस्तकात तुमच्या पोरानं यातलं किती वाचलंय? राजे पाठ आहेत, लढाया पाठ आहेत. गडाची एक चिरा हलली तर आपण रस्त्यावर येतो, आणि यायलाच पाहिजे. पण ज्यांनी या काळ्या मातीत पहिला दाणा टाकला त्यांचं गाव ट्रॉलीनं जातं आणि कुणाला काही वाटत नाही. सरकारला दोष देणं सोपं आहे. पण जेसीबीचं भाडं कोण भरतं? आपणच.

मी कोरड्या हातानं बोलत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी आबा आणि मी त्याच टेकाडावरून अकरा ट्रॉल्या माती नेली. भरताना दोन मडकी निघाली, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. मजुरानं फावडं मारलं, फुटली. आत माती आणि बारीक काड्यांसारखं काहीतरी. "कोंबडीची हाडं दिसत्यात," म्हणला. फेकून दिली. पुढं बऱ्याच वर्षांनी पोरीच्या कॉलेजच्या कामानं पुण्याला गेलो, तेव्हा डेक्कन कॉलेजचं संग्रहालय बघितलं. इनामगावला लहान लेकरू गेलं की त्याला दोन मडक्यांत ठेवायचे, मडक्यांची तोंडं एकमेकांना लावायचे आणि घरातच जमिनीखाली पुरायचे. लेकरू लांब जाऊ नये म्हणून असेल, मला तरी तसंच वाटलं. मी तिथं उभा राहिलो आणि ती फावड्याखालची मडकी आठवली. आबा तोवर गेले होते. कुणाला सांगावं तेही कळेना.

म्हणून चार ट्रॉल्यांना नाही म्हणलं.

आता दुसरी बाजू. "ते जुनं लई भारी होतं, आपण बिघडलो" असं म्हणणारे पण भेटतात. त्यांनी ती मडकी मोजावीत. त्या घरांखाली लेकरंच लेकरं आहेत. शेवटच्या तीनशे वर्षांत, इसवी सनापूर्वी 1000 नंतर, चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, गहू कमी झाला, शिकार आणि शेळ्यामेंढ्यांवर भर वाढला. मग गाव उठलं. का? खोदणाऱ्यांचं म्हणणं, पाऊसमान घटलं. नंतरच्या अभ्यासकांनी लेकरांची हाडं तपासली, हवामानाचे पुरावे परत बघितले, आणि एवढं सरळ उत्तर त्यांना मान्य नाही. भांडण चालू आहे, चालू राहू द्या. पण हे भांडण मिटवायचा पुरावा कुठं आहे? अशाच दुसऱ्या टेकाडांत. या लोकांच्या वस्त्या तापी, गोदावरी, भीमेच्या खोऱ्यांत दोनशेवर सापडल्यात. त्यातली किती आज कुणाच्या उसाखाली पसरलीत?

हा पुरावा आपल्याला नको असेल तर कुणाला पाहिजे? आमच्या जुन्या विहिरीला 40 फुटांवर पाणी होतं. आज माझं बोअर 600 फुटांवर धापा टाकतंय. एका आयुष्यात. त्याच नदीच्या काठावर, त्याच कमी पावसात, बोअर नसताना एक गाव नऊशे वर्षं पीक बदलत, पाट काढत, जनावरं वाढवत तगलं, आणि शेवटी उठलं. ते कसं तगले आणि कुठं चुकले, हे आपल्या धंद्याचं सगळ्यात जुनं दप्तर आहे. सातबारा जाळणाऱ्याला आपण वेडा म्हणतो. मग हे काय चाललंय?

अण्णा म्हणतील, "पोट भरायचं का खापऱ्या जपायच्या?" बरोबर सवाल आहे. खरी भीती वेगळीच आहे, तीही बोलू. खापरी सापडली असं कळवलं तर साहेब येतील, जमीन अडकेल. कायद्यानं केंद्राच्या संरक्षित वास्तूभोवती 100 मीटरला बांधकाम बंद आणि पुढच्या 200 मीटरला परवानगी लागते. विहीर पाडायची, घर वाढवायचं तर चकरा मारायच्या. ही भीती खोटी नाही. म्हणून तर लोक रातोरात टेकाड सपाट करतात. सरकारला खरंच जपायचं असेल तर खोदकामाच्या हंगामाला पिकाची भरपाई द्या, जमीन मालकाच्या नावावरच राहू द्या, आणि काय सापडलं ते मराठीत गावात येऊन सांगा. शेतकऱ्याला चोर धरून इतिहास जपला जात नाही.

पण ते होईस्तोवर आपल्या हातात आहे ते करू. टेकाडावर जेसीबी घालू नका. खत लागतंय तर शेणखत आहे, हिरवळीचं ताग-धैंचा आहे, उसाचं पाचट आहे, ते जाळणं बंद करा. नांगरताना मडकं, खापरी, हाड निघालं तर जागेवर ठेवा, फोटो काढा, जागा लिहून ठेवा. ग्रामसभेत ठराव करून पांढरीच्या टेकाडाची गावच्या दप्तरात नोंद करून घ्या. याला एक रुपया लागत नाही.

माझ्या बांधाजवळचं टेकाड आता अर्धंच उरलंय. अर्धं आम्हीच नेलं. त्या रानात त्या साली ऊस चांगला आला होता, हे पण खरं सांगतो. आता तिथं माती परीक्षणात बाकीच्या रानापेक्षा वेगळं काही निघत नाही.

उरलेलं अर्धं तिथंच राहील. पटलं तर तुमच्या गावातलं टेकाड एकदा पायी फिरून या.