चाचणी इथे, बाजार तिथे

नाशिक-सांगलीची द्राक्षे युरोपला निघण्यापूर्वी त्यांतील कीडनाशकांचे अंश भारतीय प्रयोगशाळेत तपासले जातात. या अहवालावर परदेशात विश्वास बसावा म्हणून ‘आयएसओ/आयईसी १७०२५’ मानकानुसार ‘एनएबीएल’ हे भारतीय अधिस्वीकृती मंडळ प्रयोगशाळेला अधिस्वीकृती देते. आणि अशा मंडळांच्या ‘आयलॅक’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या परस्पर मान्यता करारात २००० मध्ये सामील झाल्याने ‘एनएबीएल’चा शब्द सीमेपलीकडेही चालतो. दुबार चाचणीचा खर्च वाचला, तर लहान निर्यातदार टिकतो. हाच या व्यवस्थेचा खरा लाभ.

पण चाचणीची पद्धत मान्य असणे वेगळे आणि तपासायच्या रसायनांची यादी व अंशांच्या मर्यादा जुळणे वेगळे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली. तपासायच्या रसायनांच्या भारतीय यादीत तेव्हा ते नव्हतेच. झळ बसली ती बागायतदारांना.

असा फटका टाळायचा, तर नियमांवर वेळीच लक्ष हवे. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासूनच्या करारांनुसार सदस्य देशांनी व्यापारावर परिणाम करणाऱ्या नव्या नियमांचे मसुदे आधी कळवून हरकतींसाठी मुदत द्यायची असते. ही मुदत भारताने वाया घालवता कामा नये. मसुदा द्राक्ष उत्पादकांपर्यंत मराठीत पोहोचवणे आणि आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या ‘कोडेक्स’च्या समित्यांत इथल्या शेतांतील चाचण्यांची आकडेवारी मांडणे, ही कामे हंगामापूर्वीच व्हायला हवीत.