माफी पोरीने मागायची नाही

चैत्रातल्या जत्रा तोंडावर आल्यात. जळगाव-धुळ्यात गावोगावी सुपाऱ्या ठरताहेत. कुठे तमाशाचा फड, कुठे ऑर्केस्ट्रा, कुठे अहिराणी गाण्यांचा कार्यक्रम. म्हणून हे आत्ताच लिहितोय. जत्रा झाल्यावर लिहिलं तर नुसती बातमी होते, आधी लिहिलं तर थोडा उपयोग होतो.

निमित्त लांबचं आहे, पार जपानचं. धुळ्याची माझी भाची जपानी मुलींच्या ग्रुपची गाणी ऐकते. परवा तिने मोबाइलवर एक जुना व्हिडिओ दाखवला. स्टेजवर एक मुलगी कमरेत वाकून प्रेक्षकांची माफी मागतेय. भाची म्हणाली, "मामा, हल्ला हिच्यावरच झाला होता. मग माफी हिनेच का मागितली?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. मग रात्री बसून प्रकरण वाचून काढलं.

ग्रुपचं नाव एनजीटी४८. टोकियोचा नाही, निइगाता नावाच्या शहराचा. आपल्या जळगावचं नाव केळीवर चालतं, तसं निइगाताचं तांदळावर. तिकडे या मुलींना 'आयडॉल' म्हणतात. चाहता सीडी घेतो, त्यासोबत त्याला हात मिळवण्याचं तिकीट मिळतं. म्हणजे कंपनी गाण्याबरोबर जवळीकही विकते. 8 डिसेंबर 2018 ला माहो यामागुची या मुलीला तिच्या राहत्या इमारतीत, घराच्या दारातच दोन जणांनी धरलं. महिनाभर कंपनी गप्प. शेवटी जानेवारी 2019 मध्ये तिने स्वतःच रडत रडत लाइव्हवर सगळं सांगितलं. दोनच दिवसांनी तिला स्टेजवर उभं केलं आणि 'गडबड झाली, त्रास झाला' म्हणून तिनेच माफी मागितली. भाचीने दाखवला तो हाच व्हिडिओ.

मग जपानभर लोक खवळले. कंपनीने मॅनेजर बदलला, बाहेरच्या लोकांची चौकशी समिती नेमली. मार्चमध्ये अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषद घेतली, तर ती चालू असतानाच यामागुची ट्विटरवर त्यांचं म्हणणं खोडत होती. मे महिन्यात तिने ग्रुप सोडला, तिच्यासोबत आणखी दोघी गेल्या. कंपनीने जुन्या टीम मोडून नव्याने सुरुवात केल्याचं जाहीर केलं. पुढे 2020 मध्ये ग्रुप दुसऱ्या कंपनीकडे गेला.

ग्रुप आजही आहे. नाव वाचलं, थिएटर वाचलं. पण जिने खरं सांगितलं तीच बाहेर गेली. याला सावरणं म्हणायचं का, हा माझा प्रश्न आहे.

जपानचंच दुसरं उदाहरण बघा. जॉनी अँड असोसिएट्स ही पोरांचे ग्रुप घडवणारी सगळ्यात बलाढ्य कंपनी. संस्थापक जॉनी कितागावा 2019 मध्ये वारला. त्याने वर्षानुवर्षं कोवळ्या मुलांचं लैंगिक शोषण केलं, ही कुजबुज जुनी होती; 2023 मध्ये बीबीसीच्या माहितीपटानंतर ती झाकता येईना. सप्टेंबरमध्ये त्याच्या भाचीने, म्हणजे कंपनीच्या अध्यक्षांनी, शोषण कबूल केलं आणि पद सोडलं. जाहिरातदार पळू लागले तेव्हा कंपनीने नावच टाकून दिलं. जुन्या कंपनीकडे फक्त नुकसानभरपाईचं काम ठेवलं, कलाकारांसाठी वेगळी कंपनी काढली. शेकडो लोकांना भरपाई मिळाली. उशीर भयंकर झाला, सगळं मनापासून झालं असंही मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट बरोबर झाली. मान मालकाने खाली घातली.

आता घरी या.

गौतमी पाटील आपल्या शिंदखेड्याची. तिचा नाच कुणाला आवडो, न आवडो. 2022 मध्ये हावभावांवरून टीका झाली तेव्हा तिने जाहीर माफी मागितली. तो तिचा प्रश्न होता, तिने निस्तरला. पण फेब्रुवारी 2023 मध्ये तिचा कपडे बदलतानाचा व्हिडिओ कुणीतरी चोरून काढला आणि महाराष्ट्रभर फिरवला. गुन्हा दाखल झाला, राज्य महिला आयोगाने दखल घेतली. त्या वेळी चर्चा कशाची झाली? ती कशी नाचते याची! कपडे बदलायची जागा उघडी का होती, तिथे मोबाइलवाला पोहोचला कसा, हे विचारणारे मोजकेच.

त्या मोजक्यांत मीही नव्हतो. ती क्लिप आमच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर आली होती. मी डिलीट केली आणि गप्प बसलो. वीस वर्षं बातमीदारी करणाऱ्या माणसाने एक ओळ टाकायला हवी होती, "भाऊ, हा गुन्हा आहे, काढ हे." टाकली नाही. आणि जत्रेतल्या हुल्लडीच्या बातम्यांना 'तरुणाई बेभान' असे मथळे मीही दिलेत. बेभान कसली? दारू पिऊन स्टेजवर दगड टाकणाऱ्याला आपण तरुणाई म्हणत होतो.

स्टेजच्या मागे कधी गेलात का? मी गेलोय. एका गावात ट्रकच्या आडोशाला दोन साड्या आणि एक ताडपत्री बांधली होती. आत सात-आठ पोरी, एक आरसा, एक बल्ब. बल्ब आत आणि अंधार बाहेर, म्हणजे बाहेरून सगळं दिसणार. समितीच्या एका कार्यकर्त्याला मी म्हटलं तर तो हसून म्हणाला, "साहेब, एक रातना प्रश्न शे."

तोच एका रात्रीचा प्रश्न फडातल्या बाईला हंगामभर रोज असतो.

कायदा नाही असं नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा फडालाही लागू होतो. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर मालकाने अंतर्गत समिती नेमायची. मोठ्या फडात किती माणसं असतात ते सांगायला नको. दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. चोरून असलं चित्रण करणं आणि ते पसरवणं, दोन्ही गुन्हे आहेत. आता तुम्हीच सांगा, आपल्या भागातल्या किती पोरींना जिल्ह्याच्या या समितीचा पत्ता माहीत असेल?

फडमालक म्हणतील, आम्हीच कर्जात आहोत. खरं आहे. कोरोनात दोन हंगाम बुडाले, उचल दिलेली अंगावर राहिली, अजून कितीतरी जण सावरले नाहीत. म्हणूनच सगळा भार एकट्या मालकावर टाकू नका. सुपारी देणारं गाव इथे अर्धं मालक आहे. वर्गणी काढून स्टेज, लाइट, डीजे होतो, तर चार पत्रे ठोकून दार-कडी असलेली खोलीही होते. शाळेची एक खोली रात्रीपुरती मागितली तरी भागतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. सुपारीच्या कागदावर पैशांच्या खाली तीन ओळी वाढवा. कपडे बदलायला बंद खोली, तिथे मोबाइल नाही. दगड पडला, कुणी स्टेजवर चढला तर कार्यक्रम थांबेल, तरी पैसे पूर्ण मिळतील. आणि तक्रार कुणाकडे करायची, त्या समितीवाल्याचं नाव आणि नंबर. मॅनेजरने सही करायची, गावानेही करायची.

एवढं करूनही काही घडलंच, तर ज्याची सही आहे त्याने माइक हातात घ्यावा. चूक कबूल करावी, पोलिसात जावं, पोरीच्या पाठीशी उभं राहावं. पुढच्या वर्षी तोच फड त्याच गावात ताठ मानेने येईल. तिलाच हात जोडायला लावलं तर फड येईलही, पण तिच्यासारख्या दुसऱ्या कुणी तोंड उघडणार नाहीत.

भाचीला हेच उत्तर दिलं. ती म्हणाली, "मग मामा, हे तू पेपरात लिहिलं का नाहीस?"

म्हणून आज इथे लिहिलं. तुमच्या गावच्या जत्रा समितीच्या ग्रुपवर टाका. ती क्लिप टाकली होती ना, तसंच.