बॅटरी बदला म्हणे!

मंडळी, इंजिन सुरू झालं नाही की आपल्याकडे एकच मंत्र: "बॅटरी गेली, नवी टाका." आमच्या कोपऱ्यावर गाड्या धुणाऱ्या पोराने या मंत्रापायी वर्षात दोन बॅटऱ्या घेतल्या. त्याचा प्रेशर वॉशर पेट्रोलवरचा, सेल्फ स्टार्टचा. नवी बॅटरी चार दिवस चालते, मग पुन्हा नुसती टकटक. मशीन बंद, धंदा बंद. मेकॅनिकचं काय जातंय?

माझं म्हणणं एवढंच, मोजल्याशिवाय बदलू नका. बॅटरीला साधा मल्टिमीटर लावा. इंजिन बंद असताना भरलेली १२ व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ दाखवते. इंजिन वेगात असताना आकडा १३.५ ते १४.५ च्या आसपास चढायला हवा. चढत नसेल तर बॅटरी भरतच नाहीये! मग फ्यूज, सैल कनेक्शन, रेग्युलेटर-रेक्टिफायर, चार्जिंग कॉइल तपासा. आकडा चढूनही बॅटरी टिकत नसेल, तर खुशाल तिला दोष द्या.

सेल्फ जड फिरतोय? आधी गनचा ट्रिगर दाबून पंपातला दाब सोडा. ऑइल कमी झालं की काही इंजिनांत सेन्सरच स्पार्क तोडतो. तिथे नवी बॅटरी काय दिवे लावणार?

"आम्हाला अनुभव आहे," हे ठरलेलं उत्तर. असेल हो! पण मग दोन वायरी लावून आकडा दाखवायला लाज कसली? पाच मिनिटं मोजायला तयार नसलेल्याला मजुरी देऊ नका.

असो.