‘कुटुंबवत्सल’ या एका शब्दात न मावणारे आयुष्य

आपल्या वृत्तपत्रांतील निधनवार्तांची भाषा ठरून गेली आहे. पुरुष गेला, तर त्याने भूषविलेली पदे, स्थापन केलेल्या संस्था, त्याचा चळवळीतील सहभाग हे सारे क्रमाने येते. स्त्री गेली, तर ‘मनमिळाऊ’, ‘धार्मिक’ आणि ‘कुटुंबवत्सल’ ही तीन विशेषणे बहुधा पुरेशी मानली जातात. यांतले शेवटचे विशेषण खोटे असते असे नाही. परंतु ते एकदा लागले की तिने केले काय, हा प्रश्न मागे पडतो. भाषेची ही सवय किती अन्यायकारक ठरू शकते, हे पाहण्यासाठी बडोद्यात अखेरचा श्वास घेतलेल्या एका वृत्तछायाचित्रकार स्त्रीचे आयुष्य आठवावे.

होमाई व्यारावाला यांचा जन्म 9 डिसेंबर 1913 रोजी नवसारी येथे, एका पारशी कुटुंबात झाला. वडील फिरत्या नाटक कंपनीत नट होते. शिक्षण मुंबईत झाले, सर जे. जे. कलाशाळेत त्या शिकल्या. छायाचित्रणाची दीक्षा मात्र त्यांना माणेकशा व्यारावाला यांच्याकडून मिळाली. पुढे हेच माणेकशा त्यांचे पती झाले. ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये त्यांची पहिली छायाचित्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा एका छायाचित्राला एक रुपया मिळाला. त्यानंतरची बरीचशी छायाचित्रे पतीच्या नावाने छापली गेली. कारण त्या अपरिचित होत्या आणि स्त्री होत्या. देशातील पहिली वृत्तछायाचित्रकार स्त्री म्हणून आज ज्यांचा गौरव होतो, त्यांच्या कामाखाली आरंभीच्या काळात त्यांचे नावही नव्हते.

1942 साली हे दांपत्य दिल्लीला गेले आणि ब्रिटिश माहिती सेवेत रुजू झाले. पुढील सुमारे तीन दशके साडी नेसलेली, खांद्यावर अवजड कॅमेरा वागवणारी ही स्त्री राजधानीतील प्रत्येक मोठ्या प्रसंगी उपस्थित होती. 16 ऑगस्ट 1947 रोजी लाल किल्ल्यावर फडकलेला तिरंगा, लॉर्ड माउंटबॅटन यांचे प्रस्थान, 1956 साली सिक्कीममार्गे भारतात आलेले दलाई लामा, पंडित नेहरूंची अंत्ययात्रा हे सारे त्यांनी टिपले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या वर्षांची जी चित्रे आपल्या मनात आहेत, त्यांतली कितीतरी त्यांच्या कॅमेऱ्यातून आलेली आहेत. छायाचित्रे ‘डालडा 13’ या गमतीदार नावाने प्रसिद्ध होत. जन्मवर्ष 1913, पतीशी पहिली भेट वयाच्या तेराव्या वर्षी आणि गाडीचा क्रमांक ‘डीएलडी 13’, अशी त्याची कथा.

या आयुष्यात कुटुंब कोठे होते? सर्वत्र होते. पण ते केवळ त्यागाचे स्थान नव्हते. माणेकशा त्यांचे गुरू होते आणि कामातील सोबतीही होते. त्याच कुटुंबाने त्यांच्याकडून एक मोठा क्षण हिरावूनही घेतला. 30 जानेवारी 1948 रोजी त्या बिर्ला भवनातील प्रार्थनासभेला निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून जावे, असे पतीने सुचवले आणि त्या परतल्या. त्याच संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली. ही रुखरुख त्यांना आयुष्यभर राहिली. संसार आणि व्यवसाय एकाच घरात नांदतात तेव्हा आधार आणि अडथळा एकाच हातून मिळू शकतो, हे ‘कुटुंबवत्सल’ या गुळगुळीत शब्दाला सांगता येत नाही.

1969 मध्ये पती निवर्तले. 1970 मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. येथे आपली सवयीची भाषा लगेच सरसावते: संसारासाठी व्यवसाय सोडला! परंतु त्यांनी स्वतः दिलेले कारण निराळे होते. नव्या छायाचित्रकारांची वागणूक, व्यवसायातील ढासळलेली शिस्त आणि मर्यादा त्यांना रुचेनाशी झाली होती. तो निर्णय एका स्वाभिमानी व्यावसायिकाचा होता. त्यानंतर मात्र त्या मुलासोबत राहिल्या. त्याच्या अध्यापनाच्या निमित्ताने आधी पिलानीला, मग 1982 पासून बडोद्याला. 1989 मध्ये कर्करोगाने मुलगाही गेला. तरीही त्या बडोदे सोडून गेल्या नाहीत. घरातील दुरुस्तीची कामे स्वतः करीत, बागेत रमत त्या एकट्या राहिल्या. 2011 साली पद्मविभूषण मिळाले आणि 15 जानेवारी 2012 रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

होमाईबाईंची मातृभाषा गुजराती होती, मग त्यांची आठवण मराठी लेखात कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. बडोदे हे बृहन्महाराष्ट्राचे जुने घर आहे आणि त्या घराच्या अंगणात ही स्त्री तीस वर्षे वावरली. शिवाय हा प्रश्न आपल्या घरचाही आहे. तानुबाई बिर्जे यांचे पती बडोदे संस्थानच्या नोकरीत होते. पतीच्या निधनानंतर तानुबाईंनी ‘दीनबंधु’ या मराठी पत्राचे संपादन केले. त्यांचे नाव आज किती मराठी वाचकांना ठाऊक आहे?

सीमाभागातील, इंदूर-ग्वाल्हेरमधील, हैदराबादेतील मराठी नियतकालिके पुष्कळदा घरातूनच चालली. मुद्रिते तपासणारे, वर्गणीदारांचे पत्ते लिहिणारे, संपादक दौऱ्यावर असता अंक वेळेवर काढणारे हात कोणाचे होते? अंकावर नाव छापले गेले ते बहुधा एकाचेच. भाषेच्या हक्कासाठी आपण दाखले आणि दस्तऐवज जपतो. तेवढ्याच आस्थेने या हातांची नोंद करणे हेही भाषेचेच काम आहे. जुने अंक ज्यांच्या घरी आहेत त्यांनी ते उघडावेत. घरातील वृद्ध स्त्रियांना ‘तुम्ही तेव्हा काय करीत होता?’ असे विचारावे आणि उत्तर लिहून ठेवावे. पुढच्या निधनवार्तेत ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द खुशाल असू द्यावा. फक्त त्याच्या आधी तिचे काम लिहिलेले असावे, आणि त्या कामाखाली तिचे स्वतःचे नाव असावे.